धामणीच्या अंड्यांची चौकशी

आमच्या कॉलनीत सापवाला म्हणून माझं नाव झालं, त्यात माझं कर्तृत्व काहीच नव्हतं. एकदा जिन्याखाली साप निघाला. बाकीचे सगळे काठ्या शोधायला पळाले आणि मी एकटा तिथेच उभा राहिलो, कारण साप माझ्या आणि दाराच्या मधे होता. थोड्या वेळाने कंटाळून तो माझ्याच बाजारच्या पिशवीत शिरला. मी पिशवीचं तोंड आवळलं आणि टेकडीवर जाऊन त्याला सोडून आलो. तेवढ्यावर मला तज्ज्ञ करण्यात आलं. पुण्यात तज्ज्ञ व्हायला एवढं पुरतं. न होण्यासाठी मात्र फार कष्ट पडतात.

पुढे लाजेकाजेस्तव मी थोडं शिकलो. साप ओळखायला लागलो, काठीने उचलायला लागलो, आणि सापांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणून त्याची प्रस्तावना पूर्ण वाचली. नोकरी भोसरीकडच्या एका कारखान्यात, तपासणी खात्यात. दिवसभर लोकांनी केलेल्या कामात खोट काढायची आणि संध्याकाळी स्कूटरवरून सातारा रस्त्याला घरी यायचं. कात्रजच्या अलीकडे तेव्हा शेतं संपत चालली होती आणि सोसायट्या उगवत होत्या. शेतात राहणाऱ्या सापांना हे कुणी कळवलं नव्हतं.

जून संपत आला होता. रविवारी सकाळी शेजारच्या वाडीतले एक शेतकरी दारात आले. त्यांची जमीन एका बिल्डरने घेतली होती आणि दगडी बांध फोडायचं काम चालू होतं.

"चला लवकर," ते म्हणाले. "बांधात अंडी निघाल्यात. धामणीची हायेत. मादी वढ्याकडं निघून गेली. बिल्डर म्हनतोय रॉकेल टाका. मी म्हनलं, कशापायी? उंदरं खानारं जनावर हाय, तुमचं काय खाल्लं तिनं?"

मी घाईघाईत स्वयंपाकघरातला हाताला लागेल तो डबा घेतला आणि गेलो. फुटलेल्या बांधाच्या पोटात, ओल्या मातीत, डझनभर अंडी होती. लांबट, पांढरी, चामड्यासारख्या सालाची. काही सुटी, काही एकमेकांना घट्ट चिकटलेली. बिल्डर मनगटावरचं घड्याळ बघत उभा होता. मी डब्यात माती भरली, अंडी उचलून ठेवली, डबा स्कूटरवर पायांत धरला आणि आमच्या रस्त्यावरचे सगळे खड्डे पार करून घरी आलो. आज असं घरी अंडी आणणं हा गुन्हा आहे, आणि तो असावाच हे पुढच्या हकिकतीवरून पटेल.

माझी बायको एका दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत होती. दुधात पाणी किती हे सांगण्याचा तिला पगार मिळायचा. माझ्या बोलण्यात किती हे ती फुकट सांगायची. तिने अंड्यांकडे पाहिलं नाही, डब्याकडे पाहिलं.

"लाडवांचा डबा आहे तो."

"रिकामा होता."

"आता कायमचा रिकामा झाला," ती म्हणाली आणि आत गेली.

मी कामाला लागलो. घरात जुना माठ होता, त्यात वाळू आणि माती भरली, अंडी मांडली. माठ चहाच्या रिकाम्या खोक्यात ठेवला, खोक्याच्या झाकणाला बल्ब टांगला. ऊब पाहिजे एवढं मला ठाऊक होतं. किती, हे प्रस्तावनेत नव्हतं. खोकं गॅलरीत ठेवलं आणि दर थोड्या वेळाने झाकण उघडून पाहू लागलो. हा माझ्या खात्याचा दोष. तपासल्याशिवाय एखादी गोष्ट नीट चालली असेल यावर आमचा विश्वासच नसतो. कारखान्यात जाण्यापूर्वी एकदा, आल्यावर एकदा, चहा झाल्यावर एकदा, आणि कुणी पाहुणा आला की त्याच्या मानाला एकदा. पाहुणे बरेच येऊ लागले. सापाची अंडी पाहायला तिकीट नव्हतं आणि वर चहा मिळत होता.

त्याच सुमाराला सासरे डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहायला आले. पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले, शिस्तीचे, पहाटे उठणारे. मोतीबिंदू काढला, डोळ्यावर हिरवी पट्टी आली, आणि डॉक्टरांनी वाचायला मनाई केली. वर्तमानपत्राशिवाय निवृत्त माणसाने करायचं काय? ते गॅलरीत खुर्ची टाकून खोक्याशेजारी बसू लागले.

"जावईबापू, तुम्ही निर्धास्त कामावर जा," ते म्हणाले. "मी आहे."

मी निर्धास्त गेलो. माणसाने जे शब्द ऐकून घाबरावं, नेमके तेच ऐकून निर्धास्त होण्याची माझी सवय जुनी आहे.

खालच्या मजल्यावर एक प्राध्यापक राहायचे. कॉलेजात जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलेले. त्यांनी साप पुष्कळ पाहिले होते, पण सगळे बाटलीतले. त्यांना अंड्यांची बातमी उशिरा कळली याचाच त्यांना राग आला.

"अहो, या विषयातला माणूस खाली राहतो आणि तुम्ही वर प्रयोग करता? निदान विचारायचं तरी!"

"आपल्याला त्रास कशाला, म्हणून..."

"त्रास आता होणारच आहे," असं म्हणून त्यांनी झाकण उघडलं, चष्मा कपाळावर घेतला आणि बराच वेळ हुं हुं केलं. "ठीक आहे. पाहू आपण."

या "पाहू आपण"चा अर्थ मला फार पुढे कळला.

मग श्रावण आला आणि नागपंचमी आली. आमच्या सोसायटीतल्या बायका दरवर्षी पाटावर चंदनाने नाग काढून पुजायच्या. त्या वर्षी सेक्रेटरींच्या पत्नींच्या मनात आलं, की प्रत्यक्ष गॅलरीत एवढी अंडी असताना पाटावर काढायचं कशाला? मी कामावर होतो, बायको डेअरीत होती. सासऱ्यांनी लेकीबाळींना नाही कसं म्हणायचं म्हणून खोकं उघडून दिलं. संध्याकाळी आलो तर माठाला हळदीकुंकू लागलं होतं, लाह्या पडल्या होत्या, आणि घरात मंगल वातावरण होतं.

बायकोने वाकून वास घेतला. "दूध घातलंय."

"चमचाभर," सासरे म्हणाले.

"प्रत्येकीने?"

सासऱ्यांनी हिरव्या पट्टीखालून दुसरीकडे पाहिलं.

त्यानंतर आठवड्याभरात वास यायला लागला. आधी मंद, मग स्पष्ट, मग जिन्यापर्यंत. वरच्या अंड्यांवर करड्या-हिरव्या बुरशीची लव आली. काही अंडी पिचकली, काही फुगून तट्ट झाली. ज्या सेक्रेटरींच्या घरातून सर्वांत जास्त दूध आलं होतं तेच नाक धरून तक्रार घेऊन आले.

"हे बघा, तुमचा छंद असेल. पण सार्वजनिक जिना हा सार्वजनिक आहे."

मी मान्य केलं. जिना सार्वजनिक होताच. मला त्या दिवशी खरंच फार वाईट वाटलं होतं. बांधाच्या पोटात ती अंडी सुखात होती. तिथून मी ती वाचवून आणली होती, आणि वाचवून त्यांचा वास यायला लागला होता.

"फेकून देतो," मी बायकोला म्हटलं.

"थांबा. का गेली ते कळायला नको? आमच्याकडे दूध नासलं तर आम्ही नुसतं ओतून देत नाही."

रविवारी सकाळी तिने गॅलरीत जुनी वर्तमानपत्रं पसरली, डेअरीतला चिमटा आणि माझी बॅटरी घेतली, आणि माठ बाहेर काढला. वासाचा माग काढत प्राध्यापक वर आले. सासरे खुर्चीत होते. मी झाकण हातात धरून उभा होतो. माझ्या वाट्याला शेवटपर्यंत झाकणच होतं.

तिने वरच्या थरात बोट घातलं. "कोरडी ठणठणीत." मग बोट खाली नेलं आणि माठ थोडा कलता केला. तळाशी पाणी डुचमळलं. "आणि खाली तळं. हे पाणी कुणी घातलं?"

"मी," सासरे ताठ बसून म्हणाले. "रोज. बोट लावून बघायचो, माती सुकलेली असायची. मी होतो म्हणून एवढे दिवस निघाले."

"बाबा, वरची माती बल्बाने सुकायची. आणि हे दर तासाला झाकण उघडणार, म्हणजे आणखी सुकणार. तुम्ही वरून ओतलेलं सगळं खाली जाऊन बसायचं. माठाला भोक कुठंय?"

सासऱ्यांनी जरा विचार केला. "म्हणजे वर दुष्काळ आणि खाली पूर."

"हो."

"आमच्या खात्यात हे व्हायचं," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज उतरला.

तिने तळातली फुगलेली अंडी चिमट्याने उचलून कागदावर ठेवली. ती बुडून गेली होती. वरची दोन-तीन पिचकलेली उघडली. आतलं पार सुकून सालाला चिकटलं होतं. मग काही सुटी अंडी निघाली, ना फुगलेली ना पिचकलेली, दिसायला धडधाकट, पण आत जीव मरून गेलेला. बोटाएवढी वळणं झाली होती त्यांची, डोळ्यांचे काळे ठिपके दिसत होते.

"ही का गेली असतील?" मी विचारलं.

"अंडी आली त्याच दिवशी मी त्यांच्या वरच्या बाजूला पेन्सिलने खुणा केल्या होत्या," ती म्हणाली. "पुस्तकात तसं दिलंय." ते पुस्तक मी आणलं होतं आणि तिने संपवलं होतं, ही गोष्ट मला तेव्हा कळली. "या सगळ्या खुणा आता खाली आहेत. एक तर बाजूला. अंडी कुणी फिरवली?"

प्राध्यापकांनी घसा साफ केला. "फिरवावीच लागतात. मी रोज सकाळी फिरायला जाताना वर येऊन फिरवून जात होतो. हे झोपेत असायचे, म्हणून सासरेबुवा दार उघडायचे. अहो, कोंबडी अंडी फिरवते की नाही?"

"ही कोंबडीची नाहीत, सर."

"तत्त्व तेच."

"तत्त्व तेच असेल, अंडं वेगळं आहे. सापाच्या अंड्यात जीव वरच्या बाजूला सालाला धरून वाढतो. अंडं उलटं झालं की तो खाली जातो आणि वर सगळा बलक येतो. धामण अंडी घातल्यावर ती फिरवत बसत नाही. ती निघून जाते."

"हे वाचायला हवं," प्राध्यापक म्हणाले. यात माघार नव्हती, पुस्तकाबद्दल शंका होती.

सुट्यांपैकी पिवळट, मेणचट दोन अंडी राहिली. तिने ती उघडली. आत काहीच नव्हतं. जीव धरल्याची खूण नाही, शीर नाही.

"ही मुळातच वांझ. यात कुणाचा दोष नाही."

गॅलरीत एकदम चैतन्य आलं. प्राध्यापक म्हणाले की आपण फिरवत होतो ती बहुधा हीच. सासऱ्यांनाही आठवलं की आपलं पाणी मुख्यतः याच बाजूला पडायचं. दोन अंड्यांना एवढे वारस मी पहिल्यांदाच पाहिले. माझा स्वतःचाही दावा होता, पण हातात झाकण असल्यामुळे मी गप्प राहिलो.

आणि मग माठाच्या मध्यभागी, एकमेकांना घट्ट चिकटलेल्या चार अंड्यांचा पुंजका निघाला. चिकटलेली असल्यामुळे ती प्राध्यापकांना फिरवता आली नव्हती. मध्यभागी असल्यामुळे पूर त्यांच्यापर्यंत चढला नव्हता आणि दुष्काळ उतरला नव्हता. पेन्सिलची खूण वरच होती. बायकोने गॅलरीची चटई खाली सोडली, अंधार केला आणि पुंजक्याखाली बॅटरी धरली. साल गुलाबी उजळलं. आत केसासारख्या लाल शिरांचं जाळं होतं, आणि एका अंड्यात काहीतरी हळूच सरकलं.

प्राध्यापकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "जिवंत आहे," ते अगदी लहान आवाजात म्हणाले. आयुष्यभर बाटल्या पाहिलेल्या माणसाचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. त्या क्षणी मला ते फार आवडले.

बायकोला मात्र ते तेवढे आवडले नव्हते. ते खाली गेल्यावर तिने ठरवून टाकलं की ही चारही रात्रीत मेली असं उद्या जाहीर करायचं. "कुणी विचारलं तर हेच सांगायचं. तुम्हीसुद्धा स्वतःला हेच सांगा."

तिने नारळाच्या शेंड्यांचा भुसा भिजवला आणि मुठीत दाबून पाहिला. हाताला ओल लागली पाहिजे, थेंब गळता कामा नये, असा तिचा हिशेब. तळाला भोकं असलेल्या कुंडीत तो भरून त्यात पुंजका खुणेसकट बसवला, वर विरळ फडकं बांधलं. बल्ब रद्द झाला. स्वयंपाकघरात ज्या फळीवर तिचं दही लागायचं तिथे कुंडी गेली, शेजारी डेअरीचा तापमापक. दही चांगलं लागेल एवढी ऊब फळीवर असते, आणि अंड्यांना त्याहून थोडी कमी चालते, असं ती म्हणाली. मला फक्त लांबून बघायची परवानगी होती. सासऱ्यांनी आपणहून पाण्याचा तांब्या दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला.

सोसायटीने अंड्यांना श्रद्धांजली वाहिली. जिन्यातला वास गेला म्हणून सेक्रेटरींनी माझे आभार मानले. प्राध्यापकांनी सांत्वन करताना मला सांगितलं, की अपयशातूनच विज्ञान पुढे जातं, फक्त पुढच्या वेळी पहिल्या दिवसापासून विचारा.

गणपती जवळ आले तसं चारही अंड्यांना वरून खळगे पडायला लागले. मी तांब्या आणायला उठलो.

"सुकताहेत. थोडं पाणी..."

"भुसा ओला आहे. ऊब बरोबर आहे," ती म्हणाली. मग जरा थांबून, "का खळगे पडताहेत ते मला नक्की ठाऊक नाही. कदाचित वेळ भरत आली असेल, कदाचित नसेल. पण आता हात लावायचा नाही."

तिला एखादी गोष्ट ठाऊक नाही असं ती म्हणाल्याचा हा मला आठवणारा एकमेव प्रसंग. मी जास्तच घाबरलो.

दोन-तीन दिवसांनी कारखान्यातून आलो तर दार नुसतं लोटलेलं होतं. सासरे स्वयंपाकघरात, फळीसमोर स्टुलावर, नवा जाड चष्मा लावून बसले होते. प्राध्यापक त्यांच्या मागे उभे होते. साखर मागायला आले आणि पाहिलं म्हणे. दोघांच्या मधे काहीतरी झालं होतं, कारण प्राध्यापकांच्या हातात आमची भाजीची सुरी होती आणि सासऱ्यांनी त्यांचं मनगट धरून ठेवलं होतं.

"हे म्हणतात साल कापून मदत करू," सासरे कुजबुजले. "मी म्हटलं, मदत पुरे झाली आपली."

एका अंड्याला बारीक चीर पडली होती आणि तिच्यातून नखाएवढं डोकं बाहेर आलं होतं. मोठे गोल डोळे. जीभ एकदा बाहेर आली, हवा चाखून आत गेली. आम्ही तिघे प्रौढ पुरुष फळीवर वाकून बघत होतो. पिल्लू काही बाहेर आलं नाही. आम्हाला बघून परत अंड्यात गेलं, यात मला त्याची समज दिसली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तीन पिल्लं बाहेर पडली, हातभर लांब, तकतकीत, आणि जन्मल्या क्षणापासून चिडलेली. चौथ्या अंड्याची वाट पाहिली. शेवटी बायकोने ते उघडलं. पिल्लू पूर्ण झालं होतं, खवलान्खवला नीट, पण गेलेलं. का, ते तिला सांगता आलं नाही. या वेळी तिने कुणालाच काही विचारलं नाही. तुळशीच्या कुंडीत पुरून आली आणि हात धुऊन भाजी चिरायला बसली.

पिल्लं आम्ही त्या शेतकऱ्यांच्या ओढ्याकाठी सोडली. सासरे हट्टाने स्कूटरवर मागे बसून आले. एका पिल्लाने गवतात शिरण्याआधी वळून माझ्या चपलेवर झडप घातली.

"उपकाराची फेड हाय ती," शेतकरी हसून म्हणाले.

काही दिवसांनी एका वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या. सोसायटीच्या सहकार्याने आणि प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली धामणीची अंडी यशस्वीपणे उबवण्यात आली होती. नागपंचमीच्या पूजेचाही उल्लेख होता. बायकोने बातमी वाचली आणि त्या कागदावर मिरच्या वाळत घातल्या. प्राध्यापकांनी नंतर दोन शाळांत या विषयावर भाषणं केली. ऐकलेले लोक सांगतात की चांगली झाली. अंडी फिरवू नयेत यावर त्यांचा विशेष भर होता.

पुढच्या वर्षी तेच शेतकरी परत आले. बिल्डरच्या दुसऱ्या तुकड्यात, उरलेल्या बांधात, पुन्हा अंडी. या वेळी बायको बरोबर आली. तिने वाकून पाहिलं, उघडी पडलेली माती हाताने अंड्यांवर परत लोटली, वर दोन सपाट दगड ठेवले आणि बिल्डरकडे वळली.

"हा कोपरा दोन महिने राहू द्याल का?"

मी वाद घालण्याच्या तयारीने पुढे झालो. बिल्डर माझ्याकडे बघून कडवट हसला.

"राहू द्या, राहू द्या. सिमेंटचं सरकारी परमिट गेल्या दिवाळीपासून अडकलंय माझं. तुमच्या अंड्यांतून नातवंडं निघाली तरी इथं खड्डा खणला जात नाही."

त्याचं म्हणणं खरं ठरलं. गौरी-गणपती उरकून आम्ही गेलो तेव्हा दगडांखाली रिकामी, चिरलेली सालं होती. बायकोने ती उलटीपालटी करून पाहिली. दोन वांझ अंडी सोडली तर सगळी फुटली होती. पिल्लं केव्हाच ओढ्याकडे गेली होती आणि इमारत जोत्याच्याही खाली होती.